काथ्या घरात बसेल का

रफूताईंची काथ्याशी ओळख आधी त्याच्या दातांनी करून दिली. कुत्रा स्वतः दुकानात पाऊल ठेवायच्या आधी तीन वर्षं त्याने फाडलेले कपडे येत होते. पहिल्यांदा आली एका लोकरी कोटाची बाही, मग धावायच्या विजारीचा गुडघा, मग एक मफलर. तो मफलर आहे हे सांगावं लागलं, नाहीतर कुणी म्हटलं नसतं.

कपडे घेऊन यायच्या त्या मास्तरीणबाई. शाळेत मुलांना कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ. आवाज असा की दुकानात त्या नुसत्या "आहात का?" म्हणाल्या तरी रस्त्यावरचे दोघेतिघे खांदे सरळ करायचे.

"पुन्हा त्यानेच?" रफूताई विचारायच्या.

"त्यानेच. पण चूक माझी. मीच बाही हलवली."

रफूताई कापड खिडकीच्या उजेडासमोर धरायच्या आणि बोटाने भोकाभोवती गोल फिरवायच्या. भोक केवढं पडलंय यापेक्षा भोवतीच्या कापडात किती जीव उरलाय, हे त्यांना आधी बघायचं असे. चौदाव्या वर्षापासून त्या हेच करत होत्या. मावशीने त्यांना हाताशी धरलं होतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचे की कपडा घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. रफूला ठिगळ म्हटलेलं मावशीला खपत नसे, आणि रफूताईंनाही खपत नसे. त्यांचं खरं नाव रस्त्यावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

घर म्हणजे रस्त्याकडची खोली, तेच दुकान. मागे एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, वर लेकीसाठी माळ्यासारखी निमुळती खोली. मागच्या दाराबाहेर अंगण, दोन खाटा टाकल्या की संपलं. अंगणाची भिंत कमरेएवढी. दुकानात एक करडी मांजर होती, मालकीण नावाची. लोकरीच्या कपड्यांना उंदीर लागू नयेत म्हणून ती ठेवलेली, आणि बाकी सगळी माणसं आपल्या परवानगीने इथं राहतात असा तिचा समज होता.

रफूताईंचे यजमान तीस वर्षं ट्रक चालवत होते. महिन्यातले वीस दिवस बाहेर. सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणत, अगदी रफूताईसुद्धा चारचौघांत. दोन वर्षांपूर्वी माल उतरवताना लोखंडी पाइपांचा गठ्ठा घसरला आणि त्यांच्या डाव्या पायावर आला. पाय वाचला, पण वाकडा जुळला. हातात काठी आली.

काठी घेऊन ते पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा चौकातच तोल गेला. सगळी वाहनं थांबली. एका ट्रकमधून विशीतला ड्रायव्हर उडी मारून उतरला, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि म्हणाला, "बाबा, सावकाश." हे ड्रायव्हरनी घरी कधी सांगितलं नाही. रफूताईंना ते शेजारच्या लोकरवाल्याकडून कळलं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्या दिवसानंतर ड्रायव्हर इस्पितळ सोडून कुठेही गेले नाहीत. मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून तिचा कुठला गिअर पडला ते ओळखायचे. आधी ते मोठ्याने सांगायचे. मग तेही बंद झालं.

आणि एके दिवशी सकाळी मास्तरीणबाई आल्या, त्या हातात कपडा न घेता. बरोबर काथ्या होता.

कुत्रा म्हणजे लहानसं वासरूच म्हणा. पाठीवर काळी झूल टाकल्यासारखा रंग, पाय आणि तोंड खरपूस टोस्टसारखं तपकिरी, हनुवटीला चौकोनी दाढी. केस राठ, वेटोळे, हात लावला तर पायपुसणं चाचपल्यासारखं वाटावं. त्यावरूनच त्याचं नाव पडलेलं. मास्तरीणबाईंनी सांगितलं की ही एअरडेल जात, टेरियर कुत्र्यांतली सगळ्यात मोठी. काथ्याने दुकानात शिरून एकदा सगळीकडे नजर टाकली, एकदा मालकिणीकडे टाकली, आणि पुढच्या क्षणी मालकीण बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगून सगळ्यात वरच्या फळीवर होती. काथ्या मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे दोन त्याने कामाच्या टेबलावर टेकले आणि अतिशय सभ्यपणे वर बघत राहिला.

"खाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. तो खाली आला. शेजारच्या दुकानात लोकरवालाही बहुधा खाली बसला असेल.

"मी सरळच विचारते," त्या म्हणाल्या. "माझे दोन्ही गुडघे गेले. पुढच्या महिन्यात बहिणीकडे राहायला जातेय. चौथा मजला, आणि तिथं कुत्रा चालत नाही. हा चार वर्षांचा आहे. अजून आठ वर्षं तरी जगेल. तुम्ही ठेवाल का?"

"मी?" रफूताईंना हसावं की रडावं कळेना. "माझ्याकडे लोकांचे कपडे असतात, बाई. आणि हा तर..."

"माहीत आहे. पण तीन वर्षं याचे प्रताप बघून तुम्ही एकदाही 'त्याला बांधून घाला' म्हणाला नाहीत. बाकी सगळे म्हणाले."

नाही म्हणायला रफूताईंनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. ड्रायव्हर उठून उभे राहिले होते. काठी खुर्चीलाच होती, एका हाताने चौकट धरली होती. काथ्या त्यांच्यापर्यंत गेला, वाकडा पाय हुंगला, मग पलीकडे जाऊन धडक्या पायाला सगळं अंग टेकवून उभा राहिला.

"अरे, अरे," ड्रायव्हर म्हणाले, "इंजिन गरम आहे याचं."

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून थट्टेचा शब्द आला नव्हता. रफूताईंनी तोंड मिटलं, आणि मग म्हणाल्या, "मला जरा वेळ द्या. बघून सांगते."

त्यांचं बघून सांगणं म्हणजे खरोखरच बघणं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला त्या मास्तरीणबाईंच्या घरी जाऊ लागल्या आणि दुखत्या गुडघ्यांनी काथ्याला फिरवणाऱ्या बाईंबरोबर चालू लागल्या. पहिल्या दिवशी खांदा उखडतो की काय असं झालं. तासभर चालून त्यांच्या पायांचे तुकडे पडले, आणि काथ्या फाटकाशी येऊन 'एवढंच?' अशा चेहऱ्याने बघू लागला. मास्तरीणबाईंनी सांगितलेलं तो ऐकायचा. रफूताईंनी तेच सांगितलं की आधी विचार करायचा. त्याचा विचार चाललेला दिसायचा. डोकं एका बाजूला कलायचं, दाढी थरथरायची, आणि मग बहुतेक वेळा तो स्वतःच्या मनासारखंच करायचा. पण खार, कबूतर, मांजर यातलं काही दिसलं, की मास्तरीणबाईंचासुद्धा शब्द वाऱ्यावर जायचा.

आठव्या दिवशी त्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. एकट्याच. बाकावर टोपलीतले ससे आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेला एक बोका यांच्यामध्ये बसल्या.

"आजारी कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. मला विचारायचंय की काथ्या माझ्या घरात बसेल का."

डॉक्टरीणबाई काथ्याला ओळखत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं विचारायला कुणी आधी येत नाही. सगळे नंतर येतात. घर केवढं आहे?"

रफूताईंनी सांगितलं. अंगणाची भिंत कमरेएवढी म्हटल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. "ती भिंत त्याला पायरी वाटेल. दिवसाचे दोन तास त्याला कोण पळवणार? चालणं धरू नका, पळवणं."

"मी सकाळी एक तास..."

"आणि पावसात? आणि तुम्ही आजारी पडलात तर? ही जात पाणमांजरं धरायला तयार केली होती. अंगात काम भरलेलं असतं. तुम्ही काम दिलं नाहीत तर तो स्वतः शोधतो, आणि त्याने शोधलेलं काम तुम्हाला आवडत नाही. घरात मांजर आहे?"

"आहे."

"म्हातारं माणूस? पायाने अधू?"

"आमचे यजमान. काठी असते हातात."

"बाई, कुत्रा उत्तम आहे," डॉक्टरीणबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "माणसांवर जीव टाकतो, केस गळत नाहीत, हुशार तर इतका की कधीकधी मलाच शिकवतो. पण मला विचाराल तर तुमच्या घराला तो जड जाईल. आणि एक सांगते, त्याचे केस कात्रीने कापून चालत नाही. मेलेले केस हाताने उपटून काढावे लागतात, चिमटीत धरून, थोडेथोडे. दर तीन-चार महिन्यांनी. कुणाला तेवढा धीर नसतो."

"तेवढं मला जमेल," रफूताई म्हणाल्या. सगळ्या बोलण्यात त्यांना जमण्यासारखं तेवढंच निघालं होतं.

जेवताना त्यांनी ऐकलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. लेक इस्पितळात एक्स-रे काढायच्या खात्यात होती. तिने चमचा खालीच ठेवला. "आई, मी रोज मोडलेले खुबे बघते. कशाने मोडले विचारलं की निम्मे सांगतात, कुत्रं पायात आलं. आणि ते कुत्रं मांजराएवढं असतं."

"मी फिरवीन त्याला," ड्रायव्हर म्हणाले.

"बाबा, तुम्ही दोन वर्षांत कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायला गेला नाहीत."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. ड्रायव्हरनी ताट पुढे सरकवलं, काठी घेतली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. लेक रडवेली झाली. रफूताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण ती खोटं बोललीय असं काही त्यांना म्हणता येईना.

शेवटी ठरलं की चार दिवस काथ्याला घरी आणून बघायचं. प्रत्यक्ष अंगावर घातल्याशिवाय माप कळत नाही, असं रफूताईंचं म्हणणं.

पहिल्या दिवशी काथ्याने अंगण खणलं. खणलं म्हणजे सांडपाण्याचा पाइप वर आला. दुसऱ्या दिवशी मालकिणीने फळीवरून उतरायला नकार दिला, आणि संध्याकाळी कुणाचं लक्ष नसताना खिडकीतून लोकरवाल्याकडे कायमचं बिऱ्हाड हलवलं. कपड्यांना मात्र त्याने तोंड लावलं नाही. रफूताई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. त्याने फक्त त्यांचं अंगुस्तान पळवलं, बोटात घालायची ती धातूची टोपी. जबड्याच्या कोपऱ्यात धरून तो घरभर मिरवत राहिला. मागितलं की बसायचा, पण तोंड उघडायचा नाही. शेवटी ड्रायव्हरनी स्वतःच्या अंड्यातला अर्धा भाग देऊन सौदा केला. दोघांचं चांगलं जमलं होतं. ड्रायव्हर त्याच्याशी दिवसभर बोलायचे, आतल्या खोलीतून आवाज यायचा: "ऐक, ही बस. तिसरा टाकला. आता चढावर दुसरा टाकेल बघ. टाकला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी रफूताई एका बाईंचं जाकीट बघत होत्या. बाई गेल्या तेव्हा आतून काही आवाज येईना. आत गेल्या तर खुर्ची रिकामी. खुंटीवरचा पट्टा नव्हता, कोपऱ्यातली काठी नव्हती, मागचं दार आणि अंगणाचं फाटक उघडं.

त्या दातात धरलेला धागा तसाच घेऊन रस्त्यावर आल्या. ड्रायव्हर पत्रपेटीच्या पुढे पोचले होते. एका हातात काठी, दुसऱ्या मनगटाला पट्टा गुंडाळलेला. काथ्या ओढत नव्हता. काठी पुढे, पाय पुढे, मग काथ्या पुढे, अशी ती तिघांची वरात चालली होती. धावत जाऊन हात धरावा असं रफूताईंच्या मनात आलं. पण 'बाबा, सावकाश' आठवलं, आणि त्या वीस पावलं मागे राहून चालत राहिल्या.

चौकात ड्रायव्हर थांबले. काथ्या बसला. वाहनं थांबली, तेव्हा दोघे रस्ता ओलांडून गेले. त्यांना वाट द्यायला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरनी त्याच्याकडे बघून काठीवरची दोन बोटं वर उचलली, ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तशी. आतून ट्रकवाल्यानेही हात केला. रफूताई रस्त्याच्या अलीकडे उभ्या होत्या. त्यांना पुढचं जरा धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी डोळे पुसले.

पलीकडे बाग होती. बागेच्या फाटकाशी एक खार भिंतीवरून उतरली आणि सरळ काथ्याच्या नाकासमोरून गेली.

पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता. ड्रायव्हर एका झटक्यात आडवे झाले, आणि दोन-तीन फूट फरपटत गेले. मग पट्टा सुटला. रफूताई वाहनांकडे न बघता रस्ता ओलांडून आल्या तेव्हा काथ्या परत आलेला होता. कान पाडून तो ड्रायव्हरांच्या शेजारी उभा होता, आणि ते जमिनीवर बसून त्याच्या दाढीला धरून त्याला रागावत होते, "माणसाने निदान हॉर्न तरी द्यावा."

एक्स-रे लेकीनेच काढला. खुबा ठीक, पाय ठीक, मनगटाच्या हाडाला बारीक चीर. सहा आठवडे प्लास्टर. तिने फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून आईला चीर दाखवली आणि एक शब्दही बोलली नाही. आरडाओरडा केला असता तर रफूताईंना बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरच म्हणाले, "तू मास्तरीणबाईंना 'नाही' म्हणणार आहेस."

"हो."

"माझ्यामुळे."

रफूताई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "तुमच्यामुळे म्हटलं तर तुमच्यामुळे. पण जास्त त्याच्यामुळे. मी चार दिवस त्याच्याकडे बघतेय. सकाळी तासभर पळतो, मग दिवसभर दाराशी नाक लावून बसतो. चार वर्षांचं जनावर आहे. अंगण उकरून त्याने आपल्याला सांगितलंच की त्याला काय हवंय. आपल्याकडे द्यायला नाही ते. कापड चांगलंय म्हणून मापात बसतंच असं नाही."

"मला बरं वाटत होतं," ड्रायव्हर म्हणाले.

"ते मी बघितलं."

"कुठून बघितलंस?"

"मागून. वीस पावलांवरून. चौकापर्यंत."

ड्रायव्हरनी प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "धावत आली नाहीस, ते बरं केलंस." त्यानंतर दोन दिवस मात्र त्यांनी खुर्ची सोडली नाही.

मास्तरीणबाईंनी नकार उभ्यानेच ऐकला. "सरळ सांगितलंत, आभारी आहे," म्हणाल्या. पट्टा हातात घेतला आणि काथ्याला शेजारी बसवलं. आता एकच माणूस उरला होता, गोदामांना पहारेकरी पुरवणारा. त्याला राखणीला मोठं कुत्रं हवं होतं. "साखळी किती लांब असेल, विचारलं मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तो म्हणाला, कुत्र्याला लागेल तेवढी."

रफूताईंना घास गोड लागेना. नाही म्हणणं बरोबर होतं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, पण ती साखळी डोक्यातून जाईना. त्यांनी दुकानात येईल त्याला 'कुत्रा हवाय का' विचारायला सुरुवात केली. कोट आणणाऱ्याला, शाल आणणारीला, नुसती सुई मागायला आलेल्यालाही. लोक आधी हसायचे, मग म्हणायचे की भाच्याला विचारतो. भाचे सगळे फ्लॅटमध्ये राहणारे निघाले.

मास्तरीणबाईंना जायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा एक माणूस जाडजूड स्वेटर घेऊन आला. शहराच्या कडेला त्याची रोपांची नर्सरी होती. नखांत माती, कानामागे पेन्सिल. स्वेटरला कोपरापाशी हे एवढं भगदाड.

"कुत्र्याने फाडलं असेल," तो म्हणाला. "रस्त्यावरचं एखादं शेडमध्ये शिरलं असणार."

रफूताईंनी स्वेटर उजेडाला धरला. "कुत्रा ओढतो, लोकर लांबते. हे कुरतडलंय. उंदीर आहेत तुमच्याकडे. आणि चांगले खाऊन-पिऊन सुखी आहेत."

नर्सरीवाल्याने कपाळावर हात मारला. उंदीर म्हणताच त्याच्या तोंडाचा नळ सुटला. बियाण्यांचे ट्रे खातात, कंद खातात, औषध टाकायची सोय नाही, कारण पाखरं मरतात. मांजरं आणली तर ती उन्हात झोपतात.

"जागा केवढी आहे?" रफूताईंनी विचारलं.

त्याने सांगितलं. फुटबॉलची चार मैदानं मावतील.

"कुंपण?"

"पुरुषभर उंच. का?"

"घरात माणसं कोण? म्हातारं कुणी? मांजरं अजून आहेत? दिवसभर बाहेर कोण असतं? रात्री बांधणार की मोकळं ठेवणार?"

तो बिचारा स्वेटर रफू करून घ्यायला आला होता आणि मुलाखत देऊन बसला. तो आणि बायको तिथंच राहत होते, दोघं धडधाकट, दिवस उजाडल्यापासून बाहेर. मांजरं कंटाळून निघून गेली होती. रफूताईंनी त्याला काथ्याबद्दल सगळं सांगितलं, चांगलं आधी नाही, वाईट आधी. ओढतो, ऐकायच्या आधी विचार करतो, खणतो.

"खड्डे तर आम्हाला खणायचेच असतात," नर्सरीवाला म्हणाला. "जागा दाखवून दिली की झालं."

तरी रफूताई त्याच्या शब्दावर राहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मास्तरीणबाईंना आणि काथ्याला घेऊन त्या तिकडे गेल्या, आणि कुंपणाला हात लावत सगळी एक फेरी मारली. त्या अर्ध्यावर पोचेपर्यंत काथ्या कुंड्यांच्या शेडमागे दिसेनासा झाला. परत आला तेव्हा तोंडात उंदीर होता. तो त्याने नर्सरीवाल्याच्या बायकोच्या पायाशी ठेवला, आणि ती किंचाळायच्या ऐवजी म्हणाली, "शाब्बास. अजून आहेत."

मास्तरीणबाई त्या दिवशी एकट्याच परत गेल्या.

घरी ड्रायव्हरना हे कळल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: "कुंपण तू बघितलंस, पण फाटकाची कडी बघितलीस का?" रफूताईंनी बघितली नव्हती. "मग झालं तर," ते म्हणाले, आणि रविवारी सकाळी बूट घालून तयार झाले. चालत वीस मिनिटांचा रस्ता त्यांनी पाऊण तासात कापला. रफूताई बरोबर होत्या, पण शेजारून. चौक आला, गेला. कडी खरंच सैल होती. ड्रायव्हरनी एका हाताने, नर्सरीवाल्याला सूचना देत देत, ती नीट बसवून घेतली. काथ्या मोकळाच होता, पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. तो यायचा, टेकून उभा राहायचा, आणि काम आठवलं की जायचा.

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. मग मधल्या वारीही, एकटे. नर्सरीचं फाटक अरुंद होतं, आणि खताचे, कुंड्यांचे ट्रक आत उलटे घ्यावे लागायचे. दर खेपेला एखादा खांब तरी घासला जायचाच. एकदा ड्रायव्हर तिथं उभे असताना ट्रक आला. त्यांनी काठी वर केली आणि त्याला मागे घेतलं, खांबाला धूळसुद्धा लागली नाही. तेव्हापासून ट्रक यायच्या दिवशी नर्सरीवाला निरोप पाठवू लागला. लेकीला हे आवडलं असं नाही. "बाबा ट्रकच्या मागे उभे राहतात, आई," ती म्हणायची. पण तिने त्यांच्यासाठी काठीला नवं रबरी बूड आणून दिलं. मालकीण लोकरवाल्याकडून परत आली, आठ दिवस कुणाकडे बघितलं नाही, मग आपल्या फळीवर झोपू लागली.

रफूताईंकडे एक काम राहिलं. दर तीन महिन्यांनी त्या नर्सरीत जातात, उलट्या टाकलेल्या लाकडी खोक्यावर काथ्याला उभा करतात आणि चिमटीने त्याचे मेलेले केस काढतात. दोन सकाळी लागतात. केसाची वाढ ज्या दिशेने, त्याच दिशेने ओढायचं, म्हणजे त्याला दुखत नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा येऊन बघितलं आणि विचारलं, आणखी चार कुत्री घ्याल का? रफूताई म्हणाल्या, एक पुरे.

केस काढायच्या दुसऱ्या खेपेला मास्तरीणबाई बसने आल्या होत्या. सहा महिन्यांनी काथ्याला बघणार होत्या. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी हाक मारली, तीच कवायतीची हाक. काथ्या शेडमागून धावत आला, थांबला, त्यांचे दोन्ही हात नीट हुंगले, शेपूट हलवली, गुडघ्याला दाढी घासली. मग कंदांच्या ढिगात काहीतरी खसफसलं आणि तो गेला.

मास्तरीणबाई हात तसाच पुढे धरून उभ्या होत्या.

"मला वाटलं होतं वेडा होईल मला बघून," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता.

जे दिसत होतं तेच रफूताई म्हणाल्या. "त्याला काम आहे इथं."

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गळपट्टा मात्र घट्ट होतोय. एक भोक पुढे घ्यायला सांगा त्यांना."

"तुम्हीच घ्या ना. येईल तो आता."

दोघी खोक्यावर शेजारी शेजारी बसल्या. नर्सरीवाल्याच्या बायकोने चहा आणून दिला. फाटकातून कुंड्यांचा ट्रक मागे येत होता, आणि त्याच्या पलीकडून, न दिसणाऱ्या जागेवरून, ड्रायव्हरांचा खणखणीत आवाज येत होता, "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे... येऊ दे... बस!"